बाभळशेंगांची माळ

परवा दुपारी दुकानासमोरून एक रिक्षा गेली. वर भोंगा, आत घसा बसलेला माणूस. जनावरांच्या छावणीची नावनोंदणी सुरू झाली आहे, येताना कागदपत्रं घेऊन यावीत, असं तो चौसाळ्याच्या रिकाम्या रस्त्याला सांगत होता. यंदा ऊन असं पडलंय, की सकाळी बाहेर मांडलेला लाल बांगड्यांचा ट्रे दुपारी आत घेतला तर बांगड्या गुलाबी झालेल्या. मी त्या गुलाबी म्हणूनच विकल्या. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, दोन डझन अजून शिल्लक आहेत.

रिक्षा लांब गेली तरी माझ्या हातातली पक्कड उघडीच राहिली. मी तांब्याच्या तारेचा आकडा वळवत होते, कानातल्याचा. आता हे काम माझे हात माझ्याकडं न बघता करतात. पण छावणी हा शब्द कानात गेला की आधी नाकात वास येतो. शेणाचा, उसाच्या वाढ्यांचा आणि हायवेवरच्या डिझेलचा, तिन्ही एकात एक कालवलेले. मग मानेच्या मागं घामाची धार सुटते. मग उगाच उठून दारापर्यंत जावंसं वाटतं, आपल्याला जाता येतंय का ते बघायला. मी गेले. जाता येत होतं.

त्या उन्हाळ्यात येत नव्हतं.

लग्नाला दुसरंच वर्ष. आमचे मालक पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, तिकडं उमापूरच्या बाजूला. सगळ्या गेवराई तालुक्याला पाणी पाजायचे आणि पंधरा दिवसांतून एकदा कोरड्या घशानं आमच्याकडं यायचे. घरी दोन बैल, एक गाय, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. विहिरीच्या तळाशी इतकं कोरडं पडलं होतं, की बेडकंसुद्धा दोराला धरून वर आली आणि मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागली. तेव्हा आम्हीही निघालो. चौसाळा आणि मांजरसुंब्याच्या मधे, हायवेला लागून, सोसायटीच्या चेअरमनच्या पडीक रानात छावणी होती. वर पाचट, बाजूनं जुनी लुगडी, आणि सगळ्या रानाला काटेरी तारेचं कुंपण.

छावणीचा कायदा सोपा होता. जनावर तिथं, माणूस तिथं. तपासणीला कोण कधी येईल सांगता यायचं नाही. आलं आणि दावणीला माणूस दिसलं नाही, की नाव कापलं. नाव कापलं की चारा बंद. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना बैल आणि बैलाची सावली यांत फरक कळायचा नाही. म्हणून रजिस्टरला नाव माझं. दोन बैल, एक गाय, एक बाई. गाईला निदान दावं होतं, ते सोडता तरी यायचं.

कुंपणापलीकडून दिवसभर गाड्या जायच्या. पुण्याच्या, सोलापूरच्या. मला हॉर्नवरून गाडी कळायला लागली. एका लाल गाडीचा कंडक्टर दारात उभा असायचा, त्याला मी इतक्यांदा पाहिलं, की तिसऱ्या महिन्यात त्यानं मिशा काढल्या तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ती माणसं कुठं जातात, कशाला जातात, याच्या मी गोष्टी रचायची. खिडकीतल्या एका बाईला मी नवऱ्यापासून पळवली, कलेक्टर केली आणि परत त्याच नवऱ्याचा दाखला अडवायला लावला. दुपारी बाया जमायच्या ऐकायला. आत्याबाई आमच्याकडं पाठ करून, गाईचं अंग चाचपत गोचीड काढत बसायच्या आणि अधूनमधून म्हणायच्या, "फेक अजून." पण मी थांबले की त्यांचाही हात थांबायचा.

गोष्टी तरी किती पुरतील. खाटेच्या उशाला आमच्या विहिरीवरची मोटार पडलेली होती. पाणी नसताना चालवली आणि जळली. रानात ठेवली तर कुणी उचलेल म्हणून मालकांनी ती छावणीत आणून टाकली होती. एका दुपारी मी ती खोलली.

हे माहेरचं. माझ्या वडलांचं चौसाळ्यात मोटार वायंडिंगचं दुकान. मुलीनं दुकानात बसायचं नाही असं घरात ठरलेलं होतं, पण ठरवणारे जेवायला गेले की कॉइल मीच गुंडाळायची. तार डोळे मिटून बोटांतून ओढली तरी मी तिची जाडी, तिचं गेज सांगते. वडील म्हणायचे, हिच्या बोटांना मायक्रोमीटर बसवलाय. तर मी त्या जळक्या मोटारीतल्या कॉइली गोवऱ्यांच्या विस्तवात टाकल्या, वरचं वार्निश जाळलं आणि चिंचेच्या कोळानं चोळल्या. आतून तांबं निघालं, नव्या घागरीच्या रंगाचं. किती तरी महिन्यांनी चमकणारी वस्तू पाहिली. छावणीत बाकी सगळं धुळीच्या रंगाचं होतं. माणसांसकट.

पहिल्यांदा मी नथ केली. ती नथ कमी आणि वेसण जास्त दिसत होती. शेजारच्या दावणीची यमुना, जिचे लोक एरवी गुरं आणि मेंढरं घेऊन भटकायचे, तिनं ती आपल्या खोंडाच्या नाकाशी धरून बघितली आणि म्हणाली, "ह्याला बसती बग." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण लागलं. जे आपल्यापुढं नाहीच, सराफाच्या काचेत राहिलंय, ते आठवून आठवून करायला गेलं की असंच होतं. मग मी वर बघितलं. छावणीत एकच झाड होतं, बाभूळ. तिला शेंगा लागल्या होत्या. बाभळीची शेंग कधी नीट पाहिलीत का? एक मणी, मग चिमटीत धरून दाबल्यासारखी मान, परत मणी, परत मान. झाडानंच माळ ओवलेली. शेळ्या ती रोज खात होत्या आणि आम्ही रोज बघत होतो.

सायकलचा आरा घेतला. त्याच्याभोवती तार दोन वेढे, बाहेर काढून पकडीच्या चोचीनं चपटी जिलबी, ती दगडावर हलक्या हातानं ठोकलेली, मग अर्धं बोट तार मोकळी, तिला एक पीळ, आणि पुढची जिलबी. डाग नाही, झाळणं नाही, जोड नाही. एकाच तारेत सुरू होऊन त्याच तारेत आकड्याला संपणारी. पहिली माळ करायला चार दिवस लागले. यमुनेच्या गळ्यात घातली तर तिचा खोंड दोन पावलं मागं सरला, इतकी चमकली.

आठवड्यात सगळ्यांना पाहिजे झाली. आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे गळे हिरवे झाले. वार्निश जाळलेलं उघडं तांबं, वर घाम, आणि अंघोळीला पाणी म्हणाल तर तांब्याभर, तेही बैलानं उष्टं केलेलं. गळ्याभोवती शेंगेचा ठसा उमटला, मण्याला मणी, मानेला मान. बीड जिल्ह्यात त्या वर्षी हिरवं म्हणून जे काही होतं ते आमच्या गळ्यात होतं. एका म्हाताऱ्या गाईनं मालकिणीची मान चाटायला घेतली ती चौघांनी ओढली तरी सोडेना. मी हे सांगते तेव्हा लोक हसतात. चौघांनी नसेल, दोघांनी ओढली असेल. चाटली हे खरं.

त्याच आठवड्यात ताई आल्या. ताई म्हणजे चेअरमनच्या मंडळी. त्यांची मांजरसुंब्याला बायांची सहकारी संस्था होती. पत्र्याची एक खोली, बोर्ड मोठा. छावणीत नाव घालताना चेअरमनच्या माणसानं दोन रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवली होती. चाऱ्याला अंगठा दिला की लगेच दुसऱ्यावर. आम्हाला वाटलं दोन्ही चाऱ्याचीच. दुसरं संस्थेचं होतं. म्हणजे आम्ही चाळीसजणी गेले तीन महिने मांजरसुंब्यात बसून काहीतरी तयार करत होतो, फक्त आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

ताईंनी गळे बघितले, माळा बघितल्या आणि त्या माझ्या खाटेवर बसल्या. असं कुणी बसायचं नाही. पुढच्या महिन्यात सरकारच्या एक बाई संस्था बघायला येणार होत्या. त्यांना दाखवायला चाळीस माळा पाहिजेत, आणि गळे हिरवे करणाऱ्या नकोत. मग जाता जाता, पदर सावरत, त्या म्हणाल्या की त्या बाई एक मुलगी निवडणार आहेत. पुण्याला सहा महिने, तारेच्या दागिन्यांचं डिझाईन शिकायला, राहायची सोय तिथंच. जिचा हात चांगला तिला.

ताई गेल्या. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचा हात गाईच्या पाठीवर थांबला होता. म्हटलं, मिळालं तर जाऊ का? बैलांचं कसं होईल हे त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आदी मिळू तर दे." एवढं मी माझ्यापुरतं 'हो' असं धरलं.

मग तो महिना. त्या महिन्यात छावणी नव्हती, ऊन नव्हतं, फक्त तार होती. वडलांनी दुकानातलं मोटारीचं वार्निश डब्यातून पाठवलं, ते माळेवर बोटानं लावून सावलीत वाळवायचं, मग गळा हिरवा होत नाही. काम एकटीनं उरकणारं नव्हतं, म्हणून बायांना एकेक गोष्ट दिली. कुणी तार जाळायची, कुणी चिंचेनं घासायची, यमुनेनं आऱ्यावर वेढे द्यायचे. वळण आणि पीळ माझ्याकडं. रात्री डोळे मिटले की पापणीच्या आत जिलब्या फिरायच्या. तांब्याचं एक आहे, ते मऊ असतं, म्हणाल तसं वळतं. पण त्याच जागी परत परत वाकवलं की कडक होत जातं, आणि मग एका क्षणी, काही आवाज न करता, तुटतं. परत मऊ करायचं तर विस्तवात टाकावं लागतं. आज माझ्याकडं कॉलेजच्या पोरी शिकायला येतात, त्यांना मी सांगते, तारेला एकदाच वाकवा, विचार करून. त्या मोबाईलमधल्या चित्रांवरून चार वेळा वाकवतात आणि तुटली की तारेला नावं ठेवतात.

पुण्याची ती खोली मी इतकी सजवली होती, की तिथली खिडकी कुठल्या बाजूला उघडते तेही मला माहीत होतं. खिडकीतून लाल गाडी दिसायची. आता मी त्या खोलीत बसलेली असायची, कुंपणाच्या बाहेर.

बाई यायचा दिवस ठरला, आणि आदल्या दिवशी कळलं की छावणीची मोजणीही त्याच दिवशी. नवऱ्याला चाळीस बाया चार वाजता दावणीला पाहिजेत, बायकोला त्याच चाळीस बाया दुपारी पत्र्याच्या खोलीत. दोन्ही रजिस्टरांत अंगठे तेच. त्या नवरा-बायकोचं घरात काय बोलणं झालं माहीत नाही, पण सकाळी चेअरमनसाहेबांचा एक कान लाल होता असं यमुना सांगत होती, आणि यमुना माझ्यासारखी नाही, ती खोटं बोलत नाही.

ज्या ट्रकनं चाऱ्याला उसाची वाढी यायची त्याच ट्रकनं आम्हाला नेलं. गळ्यात माळा, डोक्यात पाचट. ट्रक सुटायच्या आधी ताई फाळक्याशी उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात बोलल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला एवढं आठवलं नसतं.

"बाईनं विचारलं कुणी केलं, तर परतेकीनं म्हणायचं, मी केलं. एकटीनं सगळं केलंय असं निघालं तर बाकीच्या एकोणचाळीस कागदावरच्याच ठरत्यात. अन् नावं इथं खोटी ठरली, की छावणीतबी तीच नावं हायती. कळलं ना?"

कळलं. चाळीसजणींना एकदम कळलं.

सरकारच्या बाई साध्या होत्या. सुती साडी, जाड चष्मा, घामानं नाकावरून घसरणारा. मी ठरवून आले होते की त्यांच्या डोळ्यांत भरेल असं बोलायचं, छावणीची गोष्ट सांगायची, गाय मान चाटते ती. पण त्यांनी टेबलावरची माळ उचलली आणि सरळ उलटी केली. मागची बाजू बघितली. आकडा कुठं संपतो, टोक आत दाबलंय का, ते अंगठ्यानं चाचपलं. मागची बाजू बघणारं माणूस मला तोवर एकच भेटलं होतं, माझे वडील.

"हे कुणी केलं?"

चाळीस आवाज आले, मी, मी, मी. त्यातला एक माझा होता. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोलले नव्हते, आणि ते ओळखू यायची काही सोय नव्हती.

बाई हसल्या. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो ताईंनी शिकवला नव्हता. "आणि हे सुचलं कुणाला?"

मग एकेक करत सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. यमुनेचं तोंड उघडलं. ताई भिंतीशी उभ्या होत्या, हातातल्या रुमालाच्या चारपदरी घड्या घालत. मी म्हणाले, बाभळीला. सगळ्या हसल्या, बाईसुद्धा. पण त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पिशवीतून तारेचं बंडल आणि पक्कड काढून माझ्यापुढं ठेवली. नवी पक्कड, चोचीची, रबरी मुठीची. म्हणाल्या, एकटीनं करून दाखव, शेवटपर्यंत.

मी तार ओढली. नवी तार होती, न जळलेली, कुठलीच गाठ नसलेली. तशी तार मी त्या उन्हाळ्यात हातात धरली नव्हती. पहिली जिलबी वळली. दुसरी. पीळ इतका सरळ पडला की माझा मलाच हेवा वाटला. तिसरी करताना मान वर केली. बाकीच्या सगळ्या माझ्या हाताकडं बघत असतील असं मला वाटलं होतं. कुणीच हाताकडं बघत नव्हतं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. यमुनेनं आपली माळ मुठीत धरली होती. तिची पाच जनावरं होती छावणीत.

मी तार यमुनेच्या हातात दिली. म्हटलं, पुढचं हिच्याकडं असतं. मी एवढंच करते.

यमुनेनं ती आऱ्यावर धरली, घाईत उलटा वेढा दिला, आणि जे काय झालं ते शेंगही नव्हतं आणि जिलबीही. मग तिनं ते पुढच्या बाईला दिलं, तिनं तिच्या पुढच्या बाईला. खरंच वाटावं की संस्था अशीच चालते. बाई खाली वाकल्या, अगदी माझ्याजवळ, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुला पूर्ण येतं ना?"

"न्हाई बाई. मला एवढंच येतं."

मी आजवर शेकड्यानं खोटं बोलले असेन. त्यातलं हे सगळ्यात लहान. बाई सरळ उभ्या राहिल्या. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि ताईंना म्हणाल्या, संस्थेचं काम चांगलं आहे, पण पुण्याला पूर्ण माळ एकटीनं करणारी लागते, ती इथं दिसत नाही. पक्कड त्यांनी परत पिशवीत ठेवली. नाश्त्याला भजी होती. भजी चांगली होती, तेही खोटं सांगत नाही.

ट्रक चारच्या आत छावणीत पोचला. मोजणीचे साहेब दावणीवरून दावणीवर येत होते. माझ्याकडं आले. बैल किती, दोन. गाय, एक. माणूस? मी म्हणाले, हाय. त्यांनी मान वर न करता खूण केली. सही येत असून मी अंगठा दिला, कारण रजिस्टरात अंगठ्याचाच रकाना होता.

साहेब गेले. चाऱ्याची गाडी आली, पेंढ्या उतरल्या. बाया आपापल्या दावणीला गेल्या, जाताना एकेकीनं माझ्या खाटेला हात लावला. मी खाटेवर बसले, बोटं मांडीखाली घेऊन. आत्याबाई गाईपाशी पाठ करून बसल्या होत्या. वाट बघत होत्या. मी काही सांगेना. सगळा उन्हाळा मी एवढा वेळ गप्प कधी बसले नव्हते.

"सांग की," त्या म्हणाल्या. "काय झालं तिथं?"

"काय न्हाई."

त्या वळल्या. त्यांना मी नीट दिसत नव्हते, तरी त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"बरं, खोटं सांग. पर सांग."

मग मी सांगितलं. जसं झालं तसं. एक शब्द वाढवला नाही. बाईनं पक्कड कशी ठेवली, पीळ कसा सरळ पडला, मी तार यमुनेला कशी दिली, आणि बाई कानाशी येऊन काय म्हणाल्या आणि मी काय म्हणाले.

आत्याबाई ऐकत राहिल्या. संपलं तेव्हा हसल्या, दात नसलेलं मोठं हसू. "पुणं हातात आलं अन् तूच सोडलं व्हय? एवढं मोठं तर आजवर फेकलं न्हवतंस, सुमे."

मीही हसले. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पेंढ्यांचा ढीग चाचपला, एक सोडली, आणि अंदाजानं, एका हातानं शिंगं शोधत, दोन्ही बैलांपुढं वैरण टाकली. ते माझं काम होतं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, बस.